एका शेंडीची चार नावे

कोल्हापूरहून एस.टी.ने बेळगावला येताना कागल मागे पडले, कोगनोळी आली, की रस्त्याकडेच्या पाट्या बदलू लागतात. ऊस तोच, माणसे तीच, टपरीवरचा चहाही तोच. अक्षरे तेवढी गोल होतात. आपल्याला याची सवय आहे. तरीसुद्धा त्या ठिकाणी माझी मान दर खेपेला खिडकीकडे वळते.

मागच्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस बेल्जियममधल्या एका लहानशा आगगाडीत माझी मान अशीच वळली. गाडी ल्यूव्हन गावाहून ओतिन्यी नावाच्या जंक्शनकडे चालली होती. डब्यातल्या सूचना डच भाषेत चालल्या होत्या. सिंट-योरिस-वेर्ट नावाचे स्टेशन गेले. दोन्ही बाजूंना झाडी, मधूनमधून पाणथळ जमीन. पुढचे स्टेशन पेक्रो. तिथे पाट्या फ्रेंच झाल्या आणि सूचना देणारा आवाजही फ्रेंच बोलू लागला. ना नाका, ना पोलीस. शेजारी बसलेली माझी भाची हसून म्हणाली, "मामा, आलं बघ आपलं कोगनोळी."

ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. ल्यूव्हनला संशोधनाचे काम करते. जावई धारवाडचे, कन्नड घरातले. त्यांची एकुलती एक मुलगी आठ वर्षांची. तिला घरात आईकडून मराठी आणि अप्पांकडून कन्नड मिळते. नात्याने मी तिचा मामाआजोबा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आजोबा म्हणवून घ्यायला जड जाते. पण थोरल्या बहिणीचा धाकटा भाऊ असण्याची ही किंमत आहे, ती निमूट मोजतो.

बेल्जियममध्ये उत्तरेला डच, दक्षिणेला फ्रेंच आणि पूर्वेच्या एका कोपऱ्यात जर्मन बोलतात. राजधानी ब्रुसेल्स कायद्याने द्विभाषिक. भाषांची ही हद्द १९६२ च्या कायद्याने आखली गेली. त्या वादाची सर्वांत मोठी झळ ल्यूव्हनच्या विद्यापीठाला बसली. १४२५ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ डच भागात, पण तिथे शिकवणे दोन्ही भाषांत चाले. १९६८ साली फ्रेंच बोलणाऱ्यांनी इथून चालते व्हावे अशा घोषणांनी गाव दणाणले, त्या प्रश्नावर देशाचे सरकार पडले आणि अखेर विद्यापीठाची दोन शकले झाली. फ्रेंच विद्यापीठासाठी हद्दीपलीकडच्या शेतजमिनीवर एक नवे गावच वसवायला घेतले. १९७१ साली त्याची पायाभरणी झाली. गावाचे नाव लुव्हँ-ला-नव्ह, म्हणजे 'नवे ल्यूव्हन'. ग्रंथालयाचीही वाटणी झाली. ती कशी, तर क्रमांकांप्रमाणे : सम क्रमांकाची पुस्तके एकीकडे, विषम क्रमांकाची दुसरीकडे. दोन महायुद्धांत दोनदा जळून पुन्हा उभे राहिलेले ते ग्रंथालय. भाचीने हे सांगितले तेव्हा आमच्या कॉलेजातली मराठीची चार कपाटे आणि त्यांना लागून असलेली कन्नडची चार कपाटे माझ्या डोळ्यांसमोर आली. १९५६ पासून आपल्या घराघरांत जे बोलले जाते, ते इथे पुन्हा वेगळ्या सांगण्याची गरज नाही.

या नव्या गावात आता भाचीचे बिऱ्हाड आहे. जावयांना तिथे नोकरी लागली म्हणून त्यांनी ल्यूव्हन सोडले. अंतर म्हणाल तर पंचवीस-तीस किलोमीटर, बेळगावहून संकेश्वरला जाण्यापेक्षाही कमी. पण मुलीच्या दृष्टीने जग बदलले. दुसरीपर्यंत ती डच शाळेत शिकली होती. तिकडच्या शाळांत फ्रेंच हा सक्तीचा विषय पाचवीपासून सुरू होतो, त्यामुळे फ्रेंचचा गंध नव्हता. नव्या शाळेत सगळेच फ्रेंच. पोर गप्प झाली. गप्प म्हणजे किती, तर दोन महिने वर्गात एक शब्द नाही.

त्या दिवसांत भाचीचा मला फोन आला होता. रडकुंडीला आली होती. "मामा, तू भाषेचा प्राध्यापक. सांग आता काय करू." मी तत्परतेने सल्ला दिला : पोरीच्या डोक्यावर चार भाषांचे ओझे झाले आहे, एखादी कमी करा. घरात एकच भाषा ठेवा, मराठी. फोनवर क्षणभर शांतता पसरली. मागे जावई असणार, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. मी शास्त्र सांगतो आहे असे मला वाटत होते. खरे म्हणजे मी माझा जुना राग सांगत होतो.

तो राग शाळेतला. मराठी माध्यमाच्या आमच्या शाळेत कन्नड हा विषय होता. पहिल्या दिवसापासून फळ्यावर अक्षरे, वहीत गिरवणे आणि चुकले की तळहातावर पट्टी. त्या भाषेतला एकही माणूस, प्राणी, भूत किंवा राक्षस आमच्या ओळखीचा करून देण्यात आला नाही. त्यातच वय वाढत गेले तसे बाहेरचे वारे अंगात शिरले. परिणाम असा, की जन्म बेळगावात काढूनही मी बसची पाटी वाचतो, भाजीवाल्याशी बोलतो, पण कन्नडचे एक पुस्तक आजवर वाचलेले नव्हते.

लुव्हँ-ला-नव्हचे स्टेशन जमिनीखाली आहे. गावाचा मध्यभाग एका प्रचंड स्लॅबवर बांधला आहे. मोटारी आणि रेल्वे खाली, माणसे वर. जिना चढून आलो की नुसती पायी चालणारी माणसे, त्यांत विद्यार्थीच जास्त. विटांच्या इमारती, अरुंद गल्ल्या, थोडे पुढे तळे. गाव माझ्यापेक्षा जेमतेम काही वर्षांनी मोठे, पण जुने दिसायची त्याला हौस आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीला आणायला शाळेत गेलो. बाईंनी आम्हाला वर्गात बोलावले. भिंतीवर पुठ्ठ्यातून कापलेला एक चेहरा चिकटवला होता. गोल तोंड, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, बारीकसे नाक आणि कपाळावर उभी राहिलेली केसांची बट. टिनटिन! जगभर पोहोचलेला हा चित्रकथेतला पोरगेला बातमीदार मूळचा ब्रुसेल्सचा आणि त्याची मातृभाषा फ्रेंच. त्याच्या चेहऱ्याखाली चार चिठ्ठ्या होत्या, त्यांवर चार नावे. पहिले फ्रेंच, दुसरे डच. उरलेली दोन भाचीने वाचून दाखवली तेव्हा मी थक्क झालो. 'शेंडोबा' आणि 'जुट्टप्पा'.

हकीकत अशी. गप्प बसलेल्या आमच्या नातीने एके दिवशी बाईंच्या टेबलावर टिनटिनचे पुस्तक पाहिले आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडले. "कॉयफ्ये!" ती ओरडली. वर्ग हसला. पण तिचे काही चुकले नव्हते. डच भाषेत टिनटिनला कॉयफ्ये म्हणतात, म्हणजे छोट्या तुऱ्याचा. ल्यूव्हनमध्ये तिने त्याची पुस्तके वाचली होती. तिच्या लेखी हा तिचा जुना मित्र होता आणि तो डच बोलत होता. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चेहरा कापून भिंतीला लावला, खाली दोन्ही नावे लिहिली आणि तिला खुणेने, हळूहळू विचारले, तुझ्या घरी याला काय म्हणतात? घरी काहीच म्हणत नव्हते. त्या रात्री जेवताना बारसे झाले. आईने शेंडीवरून शेंडोबा सुचवले, अप्पांनी शेंडीला कन्नडमध्ये जुट्टु म्हणतात म्हणून जुट्टप्पा. दोन्ही नावे चिठ्ठ्यांवर लिहून पोर दुसऱ्या दिवशी शाळेत घेऊन गेली.

"तुझा सल्ला आम्ही ऐकला नाही, मामा," भाची म्हणाली. आवाजात राग नव्हता. मी भिंतीकडे बघत राहिलो. माझे ऐकले असते तर तिथली एक चिठ्ठी नसती.

बाई या चेहऱ्याकडून फ्रेंच कसे शिकवतात ते मी विचारून घेतले, भाची मध्ये बसून सांगत होती. पद्धत साधी आहे. चित्रकथेच्या पानावरचे संवाद त्या पांढऱ्या कागदाने झाकतात. चित्रे तशीच राहतात. कोण पळतो आहे, कोण पडला, कुत्र्याने हाड कुठे लपवले, हे भाषा न येताही कळते. मग मुलांनी त्या रिकाम्या फुग्यांत टिनटिनने काय म्हटले असेल ते फ्रेंचमध्ये भरायचे. फुगा लहान, म्हणून वाक्य लहान. बोलण्यातले, आत्ताच्या क्षणाचे. यातली खरी गंमत पुढे आहे. वाक्य चुकले तर ते टिनटिनचे चुकते. बाई पोरांना दुरुस्त करत नाहीत, टिनटिनला करतात. 'अरे, असं नाही म्हणत,' असे त्या भिंतीवरच्या पुठ्ठ्याला सांगतात आणि वर्गातली वीस डोकी ते ऐकतात. माझा तळहात मला आठवला. आमच्या वर्गात चूक माझी होती आणि पट्टीही मलाच होती.

फ्रेंच लिहिण्यातली एक मोठी अडचण म्हणजे शेवटची व्यंजने. लिहायची, पण बहुधा उच्चारायची नाहीत. हा नियम मुलांच्या गळी उतरवायला बाईंना व्याकरण लागत नाही. टिनटिनच्या गोष्टींत दोन बावळट गुप्तहेर आहेत, दिसायला जवळजवळ सारखे. एकाच्या नावाच्या शेवटी 'द', दुसऱ्याच्या शेवटी 'त'. दोन्हींचा उच्चार एकच : द्यूपाँ. ऐकून कोण कुठला ते कळतच नाही, यातच विनोद. एकदा हसलेले मूल तो नियम विसरत नाही. खुद्द टिनटिनचा फ्रेंच उच्चार 'तँतँ' असा, नाकातून. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या नातीला हे नाकातले स्वर पहिल्या दिवसापासून जमले. मी मनात म्हटले, जमणारच. कोकणी-मराठीच्या मुलखातली लेक, अनुनासिक तिच्या रक्तात आहे.

लहान वर्गांना बाई टिनटिन देत नाहीत. ज्यांना नीट वाचता येत नाही त्यांच्यासाठी प्राणी बरे. पॅरिसच्या आशेत प्रकाशनाने परक्या मुलांना फ्रेंच शिकवण्यासाठी काढलेला 'तातू ल मातू' नावाचा बोका आहे, दुसऱ्या एका मालिकेत 'लिली' नावाची बेडकी आहे. बोक्याला देश नसतो, कातडीचा रंगही नसतो. कुठल्याही घरातल्या मुलाला तो आपला वाटतो. टिनटिनबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. १९३१ साली निघालेल्या त्याच्या काँगोच्या पुस्तकात तिथली माणसे ओठाळ आणि बुद्दू काढली आहेत. काँगो तेव्हा बेल्जियमच्या ताब्यात होता, १९६० साली स्वतंत्र झाला. बाईंच्या वर्गात काँगोतून आलेल्या घरांतली दोन मुले आहेत. ते पुस्तक वर्गात येत नाही. मित्र म्हणून जो चेहरा पुढे करायचा तो सगळ्यांचाच मित्र आहे का, हे आधी शिकवणाऱ्याने बघायचे असते.

त्या रविवारी आम्ही सगळे गावातच असलेल्या एर्जे संग्रहालयात गेलो. टिनटिनचा चित्रकार जॉर्ज रेमी, जन्म १९०७, मृत्यू १९८३. आडनाव-नावाची आद्याक्षरे उलटी करून फ्रेंचमध्ये म्हटली की 'एर्जे' होते, तेच त्याने टोपणनाव केले. १० जानेवारी १९२९ रोजी ब्रुसेल्सच्या एका वृत्तपत्राच्या बालपुरवणीत टिनटिन पहिल्यांदा आला. संग्रहालय २००९ साली उघडले. लाकडी पूल ओलांडून आत शिरायचे, मोठाल्या खिडक्यांतून बाहेरची झाडे दिसतात. आत मूळ चित्रांची पाने आहेत. कच्च्या पेन्सिलीत एकेका हातासाठी दहा-दहा रेघा ओढलेल्या, आणि शाईच्या पानावर त्यांतली नेमकी एक. जावई त्या पानांसमोर बराच वेळ उभे होते.

तिथे कळलेली एक गोष्ट मला फार आवडली. टिनटिनच्या गोष्टींत सिल्डाव्हिया नावाचा एक काल्पनिक देश आहे. तिथली भाषा एर्जेने मनाने बनवली, पण शून्यातून नव्हे. त्याच्या आजीच्या तोंडी असलेली ब्रुसेल्सची डच वळणाची बोली त्याने त्यात मिसळली. फ्रेंच वाचक ज्या भाषेला परदेशी समजून हसत होते, ती त्यांच्याच शहरातल्या शेजाऱ्यांची होती.

नातीने मला 'तिबेटमध्ये टिनटिन'चे पान दाखवले. त्यात टिनटिन दिल्लीला उतरतो, कुतुबमिनार बघतो. "मामाआजोबा, हा आपल्याकडे आला होता." मी मान डोलावली. "मग बेळगावला का नाही आला?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. "रेल्वे चुकली असेल," म्हणालो.

ब्रुसेल्सलाही एक दिवस काढला. रस्त्यांची नावे दोन ओळींत, एक फ्रेंच, एक डच. १९९१ पासून शहराने घरांच्या उघड्या भिंतींवर चित्रकथांमधली पात्रे रंगवून घ्यायला सुरुवात केली. एका गल्लीत टिनटिन आणि कप्तान हॅडॉक जिना उतरताना दिसतात. ते बघायला उभ्या असलेल्या शाळेच्या सहलीतली काही मुले तँतँ म्हणत होती, काही कॉयफ्ये. बोट एकाच भिंतीकडे. युद्ध संपल्यावर २६ सप्टेंबर १९४६ रोजी टिनटिनच्या नावाचे मुलांचे साप्ताहिक निघाले, तेही एकाच दिवशी दोन्ही भाषांत. पुढे बावीस वर्षांनी विद्यापीठ फुटले, पुस्तके सम-विषम झाली. हा पोरगा मात्र हद्दीच्या दोन्ही अंगांना राहिला. त्याने भांडण मिटवले नाही. तेवढी त्याची ताकदही नव्हती. पण दोन्हीकडच्या मुलांना एकाच चेहऱ्याची ओळख राहिली, हे काही थोडके नाही.

रात्री जेवताना मी हे म्हणालो, तेव्हा जावई पहिल्यांदाच मोकळे बोलले. "मामा, आपल्याकडंही होतं की तसं. तुमचा चांदोबा आणि आमचा चंदमामा."

मी चमच्यासकट थांबलो. खरेच की! मद्रासहून १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेले ते मासिक. कन्नड आवृत्ती १९४९ ची, मराठी चांदोबा १९५२ चा. २०१३ च्या सुमारास बंद पडेपर्यंत किती पिढ्यांनी ते वाचले. गोष्टी त्याच, चित्रेही तीच. हातात तलवार, खांद्यावर प्रेत घेतलेला विक्रम राजा आणि मागे स्मशान, हे शंकर यांनी काढलेले चित्र मी बेळगावात बघत होतो, तेव्हाच जावई ते धारवाडात बघत होते. माझा वेताळ, त्यांचा बेताळ. आम्ही दोघेही त्याच चित्राला घाबरून डोक्यावर पांघरूण ओढत होतो. आमच्या शाळेत त्या वेळी फळ्यावर अक्षरांऐवजी हे एक चित्र लावले असते तर? खाली दोन नावे लिहिली असती तर? मी हे बोलून दाखवले नाही. फक्त म्हणालो, "त्या फोनचं मनावर घेऊ नका. माझं चुकलं." जावयांनी माझ्या ताटात भात वाढला.

परत आल्यावर धारवाडला विहीणबाईंकडे जाऊन आलो. त्यांच्या माळ्यावर कन्नड चंदमामाचे जुने अंक निघाले, कोपरे कुरतडलेले. दोन मागून आणले. माझ्याकडचे मराठी चांदोबाचे अंक ट्रंकेतून काढले. आता रोज रात्री जेवणानंतर दोन्ही शेजारी ठेवून बसतो. चित्र ओळखीचे, गोष्ट माहीत असलेली, त्यामुळे पुढचा शब्द काय असणार याचा अंदाज येतो आणि अक्षरे हळूहळू जुळतात. बायको म्हणते, पन्नाशीला बालवाडीत नाव घातलंय.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी मोठ्या ऐटीत कन्नड परिच्छेद वाचून दाखवला. पलीकडे नात, तिच्या मागे जावई. पहिल्याच ओळीत मी राजाला 'मिक्रम' केले. कन्नडचे व आणि म फार सारखे दिसतात हो. जावई काही बोलले नाहीत. नातीने मात्र भिंतीकडे वळून, जिथे तिने आता घरीही एक पुठ्ठ्याचा चेहरा लावला आहे, त्याला गंभीरपणे सांगितले, "जुट्टप्पा, ते व आहे. परत म्हण."

मी परत म्हटले.